उदयपूर, दोघंच, तीन रात्री: कार्यक्रम तपासून द्या

भिडस्त

नमस्कार मंडळी,

लग्नाला पंचवीस वर्षं पूर्ण होताहेत. आजवरच्या सगळ्या सहली टेम्पो ट्रॅव्हलरमधून झाल्या. आईबाबा, मुलं, मेहुणा, मेहुण्याची सासू, आणि मागच्या सीटवर चिवड्याचा डबा. या वेळी दोघंच जायचं ठरवलंय. ठिकाण बायकोने निवडलं: उदयपूर. नियोजन माझ्याकडे. एक्सेल तयार आहे:

पहिला दिवस: दुपारी पोचणे, सिटी पॅलेस, सहेलियों की बाडी, फतेहसागर, संध्याकाळी बोट.
दुसरा दिवस: कुंभलगड आणि रणकपूर.
तिसरा दिवस: एकलिंगजी, नाथद्वारा, हळदीघाटी, परत येऊन उदयपूरच्या सज्जनगडावर (साताऱ्याचा नव्हे, टेकडीवरचा महाल) सूर्यास्त.
चौथा दिवस: सामान गाडीत टाकून चित्तोड, रात्रीची परतीची गाडी.

प्रश्न असे: १) राहायचं कुठे? तळं दिसायलाच हवं, ही वरून आलेली अट आहे. २) ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा बरा की डिसेंबरअखेर? ३) बायकोचे गुडघे कुरकुरतात. ४) दोघंही शाकाहारी. आणखी काही राहिलं असेल तर सांगा, चौथ्या दिवशी सकाळी थोडी जागा आहे.

ठाण्याचा_राघू

या कार्यक्रमात तुम्ही वहिनींपेक्षा ड्रायव्हरबरोबर जास्त वेळ घालवणार आहात. पंचविसावा वाढदिवस नक्की कोणाबरोबर आहे?

कोथिंबीरवडी

राघू +१. काका, हिशोब केलात का? कुंभलगड उदयपूरहून ८५ किमी, तिथून रणकपूर आणि परत धरून सव्वादोनशेच्या आसपास. चित्तोड एका बाजूने ११५. नाथद्वारा-हळदीघाटी वेगळंच. सगळं मिळून साडेपाचशे किलोमीटर होतात. तळ्याकाठी खोली घ्यायची आणि तिथे फक्त दात घासायचे!

मेवाडात_मराठी

उदयपूरला संसार थाटून बरीच वर्षं झाली, त्यामुळे पाहुण्यांची उदयपूर सहल हा माझा पिढीजात धंदा झाल्यासारखा आहे. जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट: एक्सेल मिटा. कुंभलगड, चित्तोड, रणकपूर तिन्ही अप्रतिम आहेत आणि तिन्ही या सहलीत नकोत. ती मुलांना घेऊन करायची ठिकाणं, चित्तोड तर खास करून. उदयपूर हे दोघांनी जायचं गाव आहे ते तिथे काय काय 'बघण्यासारखं' आहे म्हणून नव्हे. जुनं गाव पायी फिरता येण्याएवढं आहे, आणि पिछोला तळ्याच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्यातच दिवस जातो म्हणून. सकाळी एका बाजूला बसायचं, संध्याकाळी दुसऱ्या. एवढाच कार्यक्रम.

आता राहण्याचं. पिछोल्याचे दोन काठ समजून घ्या, म्हणजे हॉटेलवाल्यांच्या फोटोंना फसणार नाही. पूर्वेच्या काठावर सिटी पॅलेस, जगदीश मंदिर, लाल घाट, गणगौर घाट. पश्चिमेच्या काठावर हनुमान घाट आणि अंबराई. दोहोंना जोडणारा चांदपोलचा पूल आहे आणि चालणाऱ्यांसाठी गणगौर घाटाजवळून दाईजीचा छोटा पूल आहे. लाल घाटाला राहिलात तर पायऱ्या उतरलं की बाजार, देऊळ, राजवाडा, सगळं हाताशी. पण तिथून समोर तळं आणि पलीकडची हॉटेलं दिसतात, कारण राजवाडा तुमच्याच बाजूला असतो. हनुमान घाटाला राहिलात तर गजबज कमी, आणि खिडकीत अख्खा राजवाडा. दुपार कलली की पश्चिमेचं ऊन थेट त्या भिंतींवर पडतं, पांढऱ्याचा आधी पिवळा आणि मग मधासारखा रंग होतो, आणि अंधार पडायच्या बेताला दिवे लागतात. दोघांसाठी विचाराल तर माझं मत हनुमान घाट.

गुडघ्यांचं मात्र आधी फोनवर विचारून घ्या. या हॉटेलांतली बहुतेक मुळात जुन्या हवेल्या आहेत. लिफ्ट नसते आणि 'बेस्ट व्ह्यू' नेहमी चौथ्या मजल्यावर असतो. जिने दगडी, अरुंद, गोल फिरत जाणारे, एकेक पायरी वीतभर जास्तच उंच. सामान पोरं उचलतात, गुडघे कोण उचलणार? पहिल्या मजल्यावरची झरोक्याची खोली मागा. झरोका म्हणजे खिडकीत भिंतीच्या जाडीतच बसवलेली गादी, दोन लोड, आणि खाली पाणी. आमच्याकडचे पाहुणे एकदा त्यात बसले की जेवायला उठवावं लागतं.

आणि हो, 'लेक फेसिंग', 'लेक व्ह्यू' आणि 'पार्शल लेक व्ह्यू' हे तीन वेगळे पदार्थ आहेत. तिसऱ्यात बाथरूमच्या खिडकीतून मान बाहेर काढावी लागते.

बखरकार

ऑक्टोबर की डिसेंबर, यावर कोणी बोललं नाही. उदयपूरचे हॉटेलदर हवामानावर कमी आणि पंचांगावर जास्त ठरतात. आषाढीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत लग्नं नाहीत. एकदा का देव उठले की निम्मं शहर लग्नवाल्यांनी आरक्षित केलेलं असतं आणि तळ्याकाठी मध्यरात्रीपर्यंत डीजे. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा म्हणजे पाऊस ओसरलेला, तळी भरलेली, अरवली अजून हिरवी, आणि लग्नं शून्य. शिवाय तुमच्या तारखांना पितृपक्ष असेल तर दर आणखी उतरतात.

आजी_फिरस्ती

पितृपक्षात लग्नाचा वाढदिवस?

बखरकार

आजी, लग्न करू नये म्हणतात. झालेलं साजरं करायला कोणाची ना आहे?

ठाण्याचा_राघू

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे.

मेवाडात_मराठी

बखरकारांना अनुमोदन. फक्त एक भर: दिवाळीच्या सुट्टीत चुकूनही नको. अहमदाबादहून अख्खं गुजरात इथे उतरतं. फतेहसागरच्या पाळीवर चालायला जागा नसते. नाताळ ते एक जानेवारी तेच, शिवाय दर तिप्पट. मात्र २१ ते ३० डिसेंबरला शिल्पग्रामचा उत्सव असतो, कारागीर आणि लोककलावंत देशभरातून येतात. गर्दीचा तिटकारा नसेल त्यांनी त्यासाठी यावं.

ऑक्टोबरात दुपारचं ऊन चटकतं हे खरं. म्हणून दुपारी झोपायचं. सहलीला जाऊन दुपारी झोपणं मराठी माणसाला पाप वाटतं, ते इथे एकदा करून बघा.

भिडस्त

मंडळी, इतक्या लवकर इतकी धुलाई होईल वाटलं नव्हतं. कुंभलगड सोडतो. (छत्तीस किलोमीटरची तटबंदी हो! असो.) चित्तोडही सोडतो. पण नाथद्वाऱ्याला न जाता परत आलो तर आई विचारणार.

कोथिंबीरवडी

काका, आई नाहीयेत या सहलीत. तोच तर मुद्दा आहे.

आजी_फिरस्ती

जाऊ द्या गं त्यांना. देवाला जाऊन आलं की मन शांत होतं.

मेवाडात_मराठी

आजी, नाथद्वारा ४८ किमी आहे, पण श्रीनाथजींचं दर्शन दिवसातून आठ वेळा, ठरल्या झांकीला, थोडा वेळच उघडतं. मधल्या वेळी पोचलात तर दाराशी ताटकळायचं आणि उघडलं की रेटारेटी. नवराबायकोची त्यात ताटातूट होते, चपला वेगवेगळ्या स्टँडवर राहतात. देवाला जायचंच असेल तर एकलिंगजी करा. २२ किमी, कैलासपुरीत. मेवाडचा खरा राजा तोच, महाराणा स्वतःला त्याचे दिवाण म्हणवतात. त्याच्या अलीकडेच नागद्याला सास-बहूची देवळं आहेत, दहाव्या-अकराव्या शतकातली, विष्णूची. 'सहस्रबाहू'चं लोकांनी सास-बहू केलं म्हणतात. कोरीव काम बघत बसा, बहुतेक वेळा तुमच्याशिवाय एखादा मोर असतो. अर्ध्या दिवसात दोन्ही करून दुपारच्या झोपेला परत.

नवखी

धागा वाचतेय, माहिती मस्त. एक प्रश्न विचारू का? आम्ही दोघांनी अजून लग्न केलेलं नाही. उदयपूरला हॉटेलात त्रास देतात का?

संस्कारी_कट्टा

आधी लग्न करा, मग झरोक्यात बसा. आजकालच्या पिढीला

संपादक

वरच्या प्रतिसादातला उरलेला भाग काढला आहे. विषयाला धरून लिहा.

मेवाडात_मराठी

नवखी, दोघं सज्ञान असाल तर कायद्याने काही अडचण नाही. दोघांचंही सरकारी ओळखपत्र न्या, एकाचं चालत नाही. पण काही छोट्या हॉटेलांचे स्वतःचे नियम असतात. म्हणून पैसे भरण्यापूर्वी थेट फोन करून स्पष्ट विचारा, आणि हो म्हणाले तर तेवढं मेसेजवर लिहून घ्या. लाल घाट, हनुमान घाटाच्या बाजूला परदेशी पाहुण्यांची सवय असल्याने सहसा कोणी भुवया उंचावत नाही.

नवखी

धन्यवाद ताई!

बखरकार

भिडस्तराव, आता थोडं अवांतर. शहराशी आपला जुना हिशोब आहे, आणि तो माहीत असेल तर बायकोला सांगायला गोष्टी मिळतात. गाईडला पैसे द्यायची गरज नाही.

महाराणा उदयसिंहांनी १५५९ साली हे शहर वसवायला घेतलं. १५६८ मध्ये अकबराने चित्तोड घेतल्यावर राजधानीच इथे आली. दोनशे वर्षांनी, १७६९ मध्ये, गादीच्या भांडणात महादजी शिंदे या शहराला वेढा घालून बसले होते. मेवाडच्या बाजूने बचाव उभा केला तो अमरचंद बडवा या प्रधानाने. खजिना रिकामा, सैन्याचा पगार थकलेला, तरी त्याने शहर पडू दिलं नाही. शेवटी तडजोड झाली. ठरलेल्या खंडणीचा काही भाग रोख, बाकीच्यापोटी जावद, जीरण, नीमच हे परगणे शिंद्यांकडे गहाण. ते परत मेवाडला मिळालेच नाहीत. नीमच आज मध्य प्रदेशात आहे ते त्यामुळेच.

आता गंमत बघा. गणगौर घाटावर जी बागोर की हवेली आहे, जिथे रोज संध्याकाळी सात वाजता नाचगाण्याचा कार्यक्रम असतो, ती याच अमरचंदाने बांधली. आणि दूधतलाईवरून करणीमातेच्या देवळाकडे रोपवे जातो, तो ज्या डोंगरावर चढतो तो माछला मगरा. वेढ्याच्या वेळी तिथल्या एकलिंगगडावर मोठी तोफ चढवून मराठ्यांवर रोखली होती. तुम्ही त्याच डोंगरावरून सूर्यास्ताचे फोटो काढणार.

ठाण्याचा_राघू

म्हणजे पंचविसाव्या वाढदिवसाला आपल्याच लोकांवर गोळीबार झाला ती जागा बघायची. रोमँटिक.

नीमचवाला

आमचं गाव गहाण टाकलेलं आहे हे आजच कळलं. इंदूरला राहतो, आजोळ नीमच. बखरकार, एक भर घाला: १८५७ मध्ये नीमचच्या छावणीत बंड झालं तेव्हा तिथली गोरी कुटुंबं पळून उदयपूरला आली आणि महाराणा स्वरूपसिंहांनी त्यांना तळ्यातल्या जगमंदिरात ठेवलं.

बखरकार

बरोबर. जगमंदिर म्हणजे आश्रयाला आलेल्यांचं बेटच. त्याआधी शाहजादा खुर्रम, पुढचा शाहजहान, बापाशी भांडून आला होता तेव्हा महाराणा कर्णसिंहांनी त्यालाही तिथेच ठेवला. तिथला घुमट बघून त्याला ताजमहाल सुचला असं प्रत्येक गाईड सांगतो. ऐकून घ्या, मान डोलवा, सोडून द्या.

राजवाड्यात कृष्णविलास नावाची एक खोली आहे, सगळ्या भिंती लघुचित्रांनी भरलेल्या. ती कृष्णाकुमारीची. जयपूर आणि जोधपूर दोघांनीही तिला मागणी घातली, त्यावरून युद्ध पेटलं. दौलतराव शिंदे त्यात उतरले, अमीरखान पेंढारी उतरला, आणि शेवटी मेवाड वाचवण्यासाठी १८१० मध्ये त्या सोळा वर्षांच्या मुलीला विष दिलं गेलं. रोमँटिक शहराची ही पण एक बाजू. तिथे दोन मिनिटं थांबा, बहुतेक लोक सेल्फी घेत पुढे जातात.

आजी_फिरस्ती

वाईट वाटलं वाचून. पोरीला कोणी विचारलं नसेल.

कोथिंबीरवडी

बखरकार, इतिहास छान, पण वाढदिवसाच्या धाग्यावर विषप्रयोग? कोणीतरी खाण्याबद्दल लिहा आता.

मेवाडात_मराठी

लिहिते. शाकाहारी माणसाला इथे काही कमी नाही. दाल-बाटी-चुरमा एकदा खाच, पण दुपारी, आणि दोघांत एक ताट. बाटी तुपात बुडवून देतात, वाढपी तुमच्या 'पुरे'कडे लक्ष देत नाही. गट्ट्याची भाजी, केर-सांगरी, मक्याची राब. सकाळी कचोरी आणि मिरचीवडा गल्लीतल्या गाड्यावर, तळत असताना समोर उभं राहून खा. जुन्या गावातल्या गच्चीवरच्या हॉटेलांत पास्ता, पॅनकेक सगळं मिळतं आणि सगळ्याची चव एकच असते. तिथे चहा घ्यावा आणि तळं बघावं, जेवू नये. एखादी रात्र मात्र अंबराईच्या बाजूला पाण्यालगतच्या टेबलावर जेवा. पाण्यालगतचं टेबल आधी सांगून ठेवावं लागतं, 'आल्यावर बघू' म्हणालात तर स्वयंपाकघरालगतचं मिळतं.

फतेहसागरला जायचंच आहे तर रात्री जा. तिथे खाण्याच्या टपऱ्यांची ओळ आहे, तिला लोक बॉम्बे मार्केट म्हणतात. मुंबईचं त्यात काय आहे ते मला अजून सापडलेलं नाही, पण कोल्ड कॉफी चांगली मिळते. पाळीवर बसून पायाखाली पाणी, गार वारा, आणि आजूबाजूला कॉलेजातली जोडपी. तुम्ही त्यात शोभाल.

भिडस्त

बायकोने धागा वाचला. (कोणी पाठवला ते कळलं आहे, कोथिंबीरवडीताई.) तिचं म्हणणं, 'हे सगळे अनोळखी लोक तुझ्यापेक्षा शहाणे आहेत.' सिटी पॅलेसमध्ये पायऱ्या किती, हा तिचा प्रश्न. आणि बोट कोणती घ्यायची?

मेवाडात_मराठी

वहिनींना नमस्कार. पॅलेसमध्ये पायऱ्या भरपूर आहेत, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे एकदा आत शिरलं की बाण दाखवतील त्याच वाटेने जायचं, मधूनच मागे फिरता येत नाही. बोळ मुद्दाम इतके अरुंद ठेवलेत की शत्रूला एकेकट्यानेच यावं लागावं. आता त्याचा त्रास गुजरातहून आलेल्या शाळेच्या सहलींना होतो. म्हणून उघडल्या उघडल्या आत शिरा. दम लागला की बडी महालात बसा. तिथे चढून गेल्यावर अचानक बाग लागते, मोठी झाडं, मधे हौद. वरच्या मजल्यावर झाडं कशी, असं सगळे विचारतात. टेकडीचा माथा तसाच ठेवून त्याभोवती महाल उठवला आहे, झाडं जमिनीतच आहेत. मोर चौकातले काचेचे मोर नंतर लागतात. ते भिंतीपासून थोडे बाहेर उचललेले आहेत, बाजूने उभं राहून बघितलं की पिसाऱ्याचा एकेक तुकडा वेगळा चमकतो. समोरून फोटो काढणाऱ्यांना हे दिसत नाही.

पाय साथ देत असतील तर त्याच आवारातल्या फतेहप्रकाश महालातली स्फटिकांची गॅलरी बघा. वेगळं तिकीट आहे, महाग आहे, फोटोला मनाई आहे. महाराणा सज्जनसिंहांनी १८७७ मध्ये बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीकडे काचेचं सामान मागवलं: खुर्च्या, टेबलं, अत्तरदाण्या, चक्क पलंग. माल यायच्या आत १८८४ साली ते वारले. खोकी शंभर वर्षांवर तशीच पडून होती. त्या काचेच्या पलंगावर कोणीच झोपलं नाही.

बोटी दोन ठिकाणांहून. राजवाड्याच्या आवारातल्या रामेश्वर घाटावरची महाग, पण ती जगमंदिरावर उतरवते, हवा तेवढा वेळ बसा, पुढच्या बोटीने परत या. लाल घाटाच्या बाजूची स्वस्त, ती फेरी मारून आणते, उतरवत नाही. सूर्यास्ताच्या वेळेचं तिकीट अजून वर जातं. माझा सल्ला: दुपारी चारच्या सुमाराची रामेश्वर घाटाची बोट घ्या, जगमंदिरावर दगडी हत्तींच्या रांगेपाशी बसा आणि तिथेच ऊन उतरू द्या. मधल्या पांढऱ्या बेटावर, जगनिवासावर, फक्त तिथे राहणाऱ्यांनाच नेतात. १७४६ च्या सुमारास बांधलेला उन्हाळी महाल, १९६३ पासून हॉटेल. एका रात्रीच्या भाड्यात तुमची अख्खी सहल होईल, आणि शिवाय तिथे राहिलं की तो महालच दिसत नाही.

ठाण्याचा_राघू

शेवटच्या वाक्याला दंडवत.

रिकामटेकडा

सज्जनगडाबद्दल कोणी लिहिलं नाही. आम्ही गेलो होतो, वर काही नाही, रिकाम्या खोल्या आणि माकडं. पैसे वाया.

मेवाडात_मराठी

रिकामटेकडासाहेब, तिथे जे बघायचं ते खोल्यांत नाहीच. सज्जनसिंहांनी तो १८८४ मध्ये पावसाळी ढग बघण्यासाठी बांधायला घेतला, समुद्रसपाटीपासून ९४४ मीटरवर. वरून सगळी तळी एकाच वेळी दिसतात आणि पश्चिमेला अरवलीच्या रांगांमागून रांगा. ऑक्टोबरात हवा धुतलेली असते. मे महिन्यात गेलात तर धुरळा दिसणार, हे कबूल. जंगलखात्याचं फाटक पायथ्याशी आहे, तिथून तिकीट काढून वर जायचं, आणि सूर्यास्त झाल्यावर खाली हाकलतात. म्हणून साडेचारला फाटकाशी पोचा.

ज्यांना सकाळी उठायची हौस आहे त्यांनी बडी तलावाच्या वरची टेकडी चढावी. बाहुबली हिल म्हणून मुलं ओळखतात. तलाव महाराणा राजसिंहांनी आईच्या नावाने बांधला, जनासागर. गुडघेवाल्यांनी टेकडीचा नाद सोडून तलावाच्या पाळीवरच बसावं.

बखरकार

भिडस्तराव, आहडच्या छत्र्या यादीत घाला. महाराण्यांच्या दहनस्थानावरच्या संगमरवरी छत्र्या, अडीचशेच्या वर, अमरसिंहांपासूनच्या. शहरातून रिक्षाने सहज. तिथे कोणी नसतं.

कोथिंबीरवडी

विषप्रयोगानंतर आता स्मशान! बखरकार, तुमच्या घरी वाढदिवस कसे करतात?

बखरकार

माझ्या घरी हा प्रश्न रोज विचारला जातो.

भिडस्त

आहड घेतलं. बायको म्हणते तिथे नक्की जायचं. सुधारित कार्यक्रम असा: हनुमान घाट, पहिला मजला, झरोका (फोन करून पक्कं केलं, लिफ्ट नाही पण जिना रुंद आहे म्हणाले, त्याचा फोटोही मागवला). एक सकाळ राजवाडा. एक सकाळ एकलिंगजी आणि नागदा. एक संध्याकाळ जगमंदिर, एक सज्जनगड, एक बागोरची हवेली. बाकी वेळ कोरा. कोरा वेळ एक्सेलमध्ये कसा दाखवायचा ते कळत नव्हतं, शेवटी पिवळा रंग दिला.

ठाण्याचा_राघू

पिवळा रंग दिला!! काका, तुम्ही सुधारणार नाही.

मेवाडात_मराठी

चालेल, पिवळा चालेल. बागोरला सातचा कार्यक्रम असला तरी सहाला रांगेत उभे राहा. जमिनीवर गाद्या असतात, मागे थोड्या खुर्च्या. गुडघ्यांसाठी खुर्ची हवी तर रांगेत पुढे असावं लागतं. शेवटी एक बाई डोक्यावर एकावर एक घडे ठेवत नाचते. घडे वाढत जातात तसं अंगण गप्प होतं.

कोऱ्या वेळात हाथीपोलकडे चालत जा, लघुचित्रं काढणाऱ्यांची दुकानं आहेत. खारीच्या केसांच्या कुंचल्याने हत्तीच्या पाठीवरची झूल रंगवताना बघायला मिळतं. विकत घ्या असा आग्रह होईल, नाही म्हणता येतं. रिक्षावाल्याने 'सरकारी एम्पोरियम' असा शब्द उच्चारला तर मात्र उतरून चालू लागा. ते सरकारी नसतं आणि त्याला तिथे कमिशन असतं.

नीमचवाला

वांद्रे टर्मिनसहून उदयपूरची गाडी आठवड्यातून काही दिवसच असते आणि ती रतलाम, नीमच, चित्तोडवरून जाते. विमान दीडेक तासाचं आहे, पण डबोकचा विमानतळ शहरापासून वीसबावीस किमी बाहेर. गाडीने जात असाल तर नीमचला खिडकीतून हात करा, गहाण सुटलं का विचारा.

आजी_फिरस्ती

वाचनखुणांत साठवला धागा. मेवाडात_मराठी, माझ्या सुनेला लहरिया हवा आहे. कुठे घ्यायचा आणि रंग जातो का?

मेवाडात_मराठी

आजी, बडा बाजारात घ्या, घंटाघराच्या अलीकडे. खरा लहरिया बांधून रंगवलेला असतो, तिरप्या रेघा थोड्या पसरट दिसतात आणि मागच्या बाजूलाही तेवढ्याच गडद. छापील असेल तर मागून फिका. दुकानदार गाठी न सोडलेलं टोक दाखवतो, ते आपल्या हाताने ओढून सोडून बघा. पहिली दोन धुणी वेगळी, मिठाच्या पाण्यात. रंग थोडा जातोच, नाही जात म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. श्रावणात तीजेच्या आधी आलात तर माल सर्वांत जास्त आणि भाव सर्वांत चढे, ऑक्टोबरात उलट. भिडस्तराव, हे तुम्हीही वाचून ठेवा, पंचविसावा आहे.